एका तोंडाची चटई

त्या वर्षी पाणथळ लवकर आटले. एरवी लव्हाळा कापणीला येई तेव्हा त्याच्या मुळांशी घोटाभर पाणी असायचे आणि विळ्याखाली काडी ओल्या, दबक्या आवाजात तुटायची. या वेळी चिखलाला भेगा पडल्या होत्या. काड्या उन्हात उभ्या राहून आतून राठ झाल्या होत्या आणि त्यांच्या अंगावर बारीक वाळू बसली होती. जणू पाण्याने जाता जाता हात झटकले होते. कापणाऱ्यांचे हात सोलवटले, पण खरी झळ बसली ती दातांना.

इथे लव्हाळा दातांनी फाडत. काडी ओली असतानाच तिचे टोक वरच्या पुढच्या दाताखाली धरायचे, दाबून चिरायचे आणि दोन्ही हातांनी दोन फाका खाली ओढत न्यायच्या. चाकूला हे साधत नाही. चाकू काडीचा धागा ओळखत नाही, मध्येच बाहेर निसटतो. लहानपणापासून फाडणाऱ्या बाईच्या त्या एका दाताला हळूहळू खाच पडते, आणि मग काडी आपण होऊन त्या खाचेत जाऊन बसते. प्रत्येकीची खाच निराळी, म्हणून प्रत्येकीची पात, म्हणजे फाडून निघालेली फाक, तीही निराळी. एकीची जरा रुंद, दुसरीची निमुळती, एखादीची वाळताना जास्त आवळणारी. त्यामुळे एक नियम कुणी न सांगता सगळे पाळत आले होते: एका चटईत एकाच तोंडाच्या पाती. दोन तोंडांच्या मिसळल्या की चटई वाळताना मध्ये फुगते, कोपरे उचलते आणि पुढे कधीच जमिनीला पाठ टेकत नाही.

गावाच्या कडेला, उतारावरच्या घरात तिघे राहत. विणकर मागावर बसे, त्याची बायको फाडी आणि त्याची आई पाती भिजवून, निवडून जुड्या बांधी. म्हातारी तिच्या काळातली नामांकित फाडणारी होती. आता तिच्या वरच्या हिरडीत एकच दात उरला होता, तोही बोलताना हलायचा. त्या हंगामात त्यांच्या मागावर गावाच्या सभागृहाची चटई चढली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरेल एवढी. ती नीट उतरली तर पुढची सगळी कामे याच घराकडे येणार होती. नाही उतरली तर शेजारच्याकडे जाणार होती. हा शेजारी अखंड बोलत असे, म्हणून गाव त्याला रेडिओ म्हणायचे.

सुनेचा दात पहिल्यांदा दुखला तो पहाटेच्या गार हवेने. अंगणात काडी दातात धरायला तिने ओठ उघडले आणि एक बारीक, पांढरी कळ दातातून डोळ्यापर्यंत गेली. तिने ओठ मिटले, क्षणभर थांबून पुन्हा काडी धरली. दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोट तिने मान कलती करून डाव्या गालातून उतरवला. तिसऱ्या दिवशी जेवताना ती घास बोटांनी आत सारत होती.

"काय गं, आवाज बदललाय तुझा," म्हातारी जुडी बांधता बांधता म्हणाली.

"कसला आवाज?"

"फाडण्याचा. तुझी काडी एका दमात जायची. आज अडखळतेय."

"काडीच राठ आहे, आई."

"राठ सगळ्यांचीच आहे. अडखळतेस तू."

मागावरचा खटका थांबला. विणकराने वळून पाहिले. "दात दुखतोय का?"

सुनेने काडी पुन्हा तोंडात घातली, आणि घालताच तिचे खांदे असे वर गेले, की उत्तराची गरज उरली नाही.

"मग पाडून टाक. मोकळी हो," विणकर म्हणाला. "बाजूच्या दाताने फाड."

"बाजूच्या दाताला खाच कुठे आहे?"

"पडेल की."

"कधी? मी म्हातारी झाल्यावर?"

"म्हाताऱ्यांना मध्ये आणू नका," म्हातारी म्हणाली. "आणि अर्धी चटई मागावर आहे. ती हिच्या तोंडाची आहे. दात पाडला तर उरलेली अर्धी कोण फाडणार, तू?"

विणकर हसला. पुरुषाने काडी दातात धरणे म्हणजे त्याने हातात बांगड्या घालण्यासारखेच होते. म्हातारी हसली नाही.

त्याच आठवड्यात चटयांच्या गोदामात शहरातून एक डॉक्टरीण येऊन बसली होती. तिच्या दातांच्या कॉलेजने तिला या गावातल्या दातांचा अभ्यास करायला पाठवले होते. किडलेले, हिरड्या सुजलेले, झिजलेले, सगळे दात ती बघायची, जमेल तेवढे तिथेच बरे करायची आणि प्रत्येक बाईच्या पुढच्या दातांचा ठसा एका गुलाबी लगद्यात उमटवून घ्यायची. रेडिओ गोदामाच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमच्या बायकांची तोंडं बंद करायला आजवर कुणी आलं नाही. उघडायला मात्र थेट शहरातून माणूस आलं."

सुनेच्या सोबतीला म्हणून म्हातारी गेली, आणि गेल्यावर आधी स्वतःच खुर्चीत बसली.

"आजी, आ करा."

"एकच आहे. बघायचा तर तिकीट पडेल."

डॉक्टरीण हसली, पण दिवा तोंडात धरल्यावर तिचे हसू मागे राहिले आणि ती पुढे वाकली. दाताच्या कडेला खोल, गुळगुळीत, घासून घासून आरशासारखी झालेली खाच होती.

"हा कधी दुखला होता?"

"नाही बाई. हलायला लागला तेवढंच. दुखणं त्याला माहीतच नाही."

"असं कसं?" डॉक्टरीण स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "दाताच्या पोटात नस असते, आजी. जिवंत. ही खाच त्या नसेच्या जागेपर्यंत पोचलीय. म्हणजे दुखायला हवा होता, ठणकून दुखायला हवा होता."

"मग का नाही दुखला?"

"माहीत नाही."

म्हातारीला हे उत्तर फार आवडले. तिच्या आयुष्यात शिकलेल्या माणसाने तिच्यासमोर असे कबूल केल्याचे तिला आठवत नव्हते.

"हा दात आज ना उद्या पडणार," डॉक्टरीण म्हणाली. "मी अलगद काढते. मला द्याल? उभा कापून आतून बघायचाय."

"दात कापून काय दिसणार? आत काय बी असते?"

"तेच बघायचंय."

म्हातारीने जिभेने दात एकदा मागे लोटला, पुढे घेतला. "न्या. पण कापलात की आधी मला दाखवायचा. माझा दात गावाने माझ्याआधी बघितलेला मला चालणार नाही."

मग सून बसली. डॉक्टरिणीने नळीने हवेची बारीक फुंकर दातावर सोडली आणि सुनेने खुर्चीचे हात धरले. यंदाच्या वाळूने खाच एका हंगामात खोल गेली होती. तळाशी कागदाएवढा पडदा उरला होता आणि त्याच्यामागे नस लालसर झळकत होती, मुठीआड धरलेल्या दिव्यासारखी. डॉक्टरिणीने खाच स्वच्छ केली. तळाशी चुन्यासारखे पांढरे औषध बसवले आणि वरून दाताच्याच रंगाचा लेप भरून खाच बुजवून टाकली. शेवटी यंत्राने त्या दाताचे एक्स-रे चित्रही काढून ठेवले. आरशात पाहताना सुनेला तिथे आपला लग्नाआधीचाच काय, बालपणीचा दात दिसला. अखंड, सरळ कडेचा, अनोळखी.

"काही महिने या दाताने काडी धरायची नाही," डॉक्टरीण म्हणाली. "अगदी एकही नाही. समजलं ना, ताई?"

सुनेने मान हलवली. घरी येऊन तिने तसे सांगितलेही. पण कळ थांबली होती, आणि इथल्या माणसांना थांबलेली कळ म्हणजे दुरुस्त झालेले हत्यार एवढेच ठाऊक होते. विळ्याला धार लावून आणली की तो पडवीत कोण टांगून ठेवतो?

"दुखतंय का आता?" विणकराने विचारले.

"नाही."

"मग?"

अंगणात कापलेला लव्हाळा पडला होता आणि ऊन त्याच्यातली ओल तासातासाने पीत होते. तिने काडी उचलली.

काडी दाताखाली गेली आणि तिथे बसेना. जिथे तिची जागा होती तिथे आता भिंत होती. सुनेने काडी इकडे सरकवली, तिकडे सरकवली, शेवटी लेपाच्या कडेवर दाबून चिरली. फाका निघाल्या, पण त्या कुणा दुसऱ्या बाईने काढल्यासारख्या होत्या. तिने त्या उन्हाकडे धरून पाहिल्या आणि जुडीत टाकल्या.

चार बोटे वीण पुढे गेल्यावर विणकराने खटका थांबवला. त्याने चटईवरून तळवा फिरवला, डोळे मिटून पुन्हा फिरवला. जुनी वीण तळव्याला सपाट लागत होती आणि जिथून नवी सुरू झाली तिथे एक मऊ उंचवटा आला होता, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाच्या पाठीसारखा.

"कुणाच्या पाती आहेत या?"

"माझ्याच."

"हे तुझं तोंड नाही."

"माझंच आहे. बघा हवं तर."

"तोंड तुझं असेल. पात तुझी नाही." तो मागावरून उठला. "सभागृहात गाव बसणार आहे हिच्यावर. मधोमध टेंगूळ घेऊन बसायचं का लोकांनी? तो रेडिओ जन्मभर वाजवेल."

"मी हौसेने नाही बुजवली खाच."

"पाडायला सांगत होतो तेव्हा ऐकलं नाहीस."

"पाडला असता तर पात आली असती का तुमच्या मनासारखी?"

म्हातारी जुडी सोडून बसली होती. तिच्या हिरडीत आता काहीच नव्हते आणि तिचा चेहरा आतल्या बाजूने मिटत चालला होता. "भांडा," ती म्हणाली. "तोवर लव्हाळा वाळतोय."

डॉक्टरीण परत आली ती म्हातारीचा दात घेऊन. बोलल्याप्रमाणे ती आधी उतारावरच्याच घरी आली. काचेच्या पट्टीवर दाताचा उभा, पातळ काप चिकटवला होता. तिने ओट्यावर छोटे सूक्ष्मदर्शक मांडले, आरसा उन्हाकडे वळवला आणि म्हातारीला वाकायला सांगितले.

म्हातारी बराच वेळ वाकून राहिली. "हे पिवळं काय?"

"तो दाताचा गाभा. बाहेरचं शुभ्र दिसतंय ते कवच. आणि मधोमध नसेची पोकळी असायला हवी, वरपासून खालपर्यंत. दिसतेय?"

"नाही दिसत. भरलेली आहे."

"तेच तर!" डॉक्टरिणीचा आवाज एकदम पोरीसारखा झाला. "वरून काडी जेवढी झिजवत होती, तेवढी आतून दात भिंत बांधत होता. नस मागे सरकत गेली आणि तिच्या पुढ्यात थरावर थर येत गेले. म्हणून दुखला नाही. तो मोठा थर बघा, आणि हा बारीक. तुमच्या तोंडात आयुष्यभर बांधकाम चाललं होतं, आजी."

म्हातारीने डोळा काचेवरून उचलला. ओट्यापलीकडे, आटलेल्या पाणथळाकडे पाहत ती म्हणाली, "आणि मला पत्ता नाही." थोड्या वेळाने पुन्हा वाकली. "यातला कुठला थर याचे वडील गेले त्या वर्षीचा, ते कळतं का?"

"नाही, आजी. तेवढं नाही कळत."

"असो. असेल यातच कुठेतरी."

मग सुनेनेही पाहिले. पाहताना तिची जीभ नकळत स्वतःच्या दाताकडे गेली. डॉक्टरिणीच्या ते ध्यानात आले. तिने सुनेला तिथेच ओट्यावर बसवले, ओठ वर केला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. लेपाची कड फुटली होती.

"काडी धरलीत."

विणकर मागाच्या आडून म्हणाला, "काम अडलं होतं, डॉक्टरबाई."

"यांचा दातही आतून भिंत बांधायचं काम करू पाहतोय, दादा. आजींच्या दाताला वेळ मिळाला, कारण झीज सावकाश होती. यंदाची वाळू फार घाईत आहे. दाताला भिंत बांधायला सवड नाही. मी आता पुन्हा औषध भरते. या वेळी काडी लागली तर नस मरेल, मग दात काळा पडेल आणि ठिसूळ होऊन तुटेल."

"आणि नाही लावली तर? बांधेल भिंत?" हे सुनेने विचारले.

"बांधेल असं मला वाटतं. नक्की सांगत नाही. या गावातले एवढे दात पाहिले, पण विश्रांती घेतलेला एकही मिळाला नाही. इथे कुणी दाताला सुट्टीच देत नाही."

अंगणात ऊन सरकत होते. म्हातारी सूक्ष्मदर्शकाच्या रिकाम्या नळीतून अजून काहीतरी बघत होती. सुनेने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"मी नाही धरणार काडी," ती म्हणाली.

"आणि चटई?" विणकर म्हणाला.

"मला बघायचंय तो बांधतो का."

"बघायचंय? गंमत आहे का ही?"

"आईंना म्हातारपणी कळलं, दात तोंडातून गेल्यावर. मला तो असताना बघायचंय." ती नवऱ्याकडे न बघता बोलत होती, आवाज न चढवता. या घरात आजवर कुणी काही हवे म्हणताना ते भांडे, लुगडे किंवा औषध असे काहीतरी असायचे. नुसते बघायला हवे, असे कुणी म्हटले नव्हते. विणकराने आईकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतोस?" म्हातारी म्हणाली. "माझ्या तोंडाचं बोळकं झालंय. तुझ्या तोंडात मात्र सगळे आहेत."

त्या संध्याकाळी त्याने मागावरची अर्धी झालेली चटई सगळीच उसवली. वीण सोडवताना पाती कडकड मोडत होत्या. दुसऱ्या दिवशी तो घराच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसला आणि त्याने पहिली काडी दातात धरली.

काडी चिरलीच नाही. दुसरी चिरली ती ओठासकट. वाळू दातांवर करकरली आणि तो आवाज कवटीतून पाठीच्या कण्यात उतरला. म्हातारी मागच्या दारात येऊन उभी राहिली. "दात आवळू नकोस. चावायचं नाही, नुसतं धरायचं. ओढायचं काम हातांचं. मान सैल सोड. अरे, भांडण काढल्यासारखा काय धरतोस तिला!"

दुपारपर्यंत त्याचा खालचा ओठ सुजला. आणि दुपारीच कुंपणावरून रेडिओचे डोके वर आले.

"काय रे, बायकोचं तोंड तुला लागलं म्हणे?"

विणकराने तोंडातली काडी काढली नाही. त्यामुळे त्याला उत्तरही देता आले नाही.

"बरंय बाबा. आता तिने मागावर बसायचं आणि तू पदर घ्यायचास!"

"ती बसलीच आहे मागावर," आतून सुनेचा आवाज आला. "तुम्हाला काही विणून हवंय का? तोंडावर टाकायला एखादं झाकण?"

रेडिओचे डोके कुंपणाआड गेले. तोंडातली काडी न सोडता विणकर हसला आणि काडी भलतीकडेच फाटली.

त्या हंगामात ते घर उलटे चालले. तो फाडी, ती विणी, म्हातारी दोघांनाही ओरडे. त्याच्या पाती जाड निघत, बोटांना ओबडधोबड लागत. पण हळूहळू त्या एकमेकींसारख्या जाड निघू लागल्या. झोपेत तो दात खाऊ लागला. जेवायला बसला की एक घास बराच वेळ तोंडात घोळवत राही आणि विचारले तर म्हणे, "कुठे काय." पाणी मान कलती करून प्यायला लागला, तेव्हा सुनेने ते पाहिले, ओळखले आणि त्याच्या पेल्यात कोमट पाणी ओतून ठेवू लागली.

चटई सभागृहात नेऊन अंथरली तेव्हा तिथला राखणदार अनवाणी पायांनी तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. "जाड आहे," तो म्हणाला. "पायाला टोचतेय." मग त्याने कोपऱ्याशी वाकून बोट घालून पाहिले. "पण बसलीय. कुठे उचलत नाही." पुढच्या कामाविषयी तो काही बोलला नाही. नाहीही म्हणाला नाही. चटई तिथेच राहिली.

पाणथळात पुन्हा थोडे पाणी दिसू लागले त्या सुमारास डॉक्टरीण आली. या वेळीही तिने गोदामात एक्स-रेचे यंत्र मांडले होते. सुनेच्या दाताचे चित्र तिने काढले, जुने चित्र त्याच्याशेजारी धरले आणि दोन्ही घेऊन ती दारातल्या उजेडात गेली. तिघेही तिच्यामागून गेले.

ती एका चित्रावरून दुसऱ्यावर नजर फिरवत राहिली. सुनेला तिचा चेहरा वाचता येत नव्हता. सुनेने तोंडातल्या तोंडात जीभ आवळून धरली होती.

"इथे बघा," डॉक्टरीण शेवटी म्हणाली. "ही काळी जागा म्हणजे नस. आधीच्या चित्रात ती औषधाला जवळजवळ टेकली होती. आता दोघांच्या मध्ये काय दिसतंय?"

सुनेने डोळे बारीक केले. दोन सावल्यांच्या मध्ये एक फिकट रेघ होती, केसाएवढी.

"रेघ."

"भिंत आहे ती. तुम्ही बांधलीत."

"मी काही केलं नाही," सून म्हणाली.

"तेच तर केलंत."

म्हातारीने चित्र मागून घेतले, उलटे धरले, सुलटे धरले. "बारीक आहे गं," ती म्हणाली. "माझी चांगली जाड होती."

"होईल यांचीही. आता नवी खाच हळूहळू पडू द्यायची, आणि वाळू असेल त्या दिवशी काडी धुतल्याशिवाय तोंडात घालायची नाही." बोलता बोलता डॉक्टरिणीची नजर विणकरावर गेली. तो दाराच्या कडेला उभा होता, ओठ मिटून, हनुवटी जरा खाली ओढून. "दादा, तुम्ही एवढे दिवस फाडत होतात ना? म्हणजे मोठ्या वयात, कोऱ्या दाताने, पहिल्यांदाच?" तिने पुढे पाऊल टाकले. "असा दात मी कधीच पाहिलेला नाही. खाच कशी सुरू होते हे कुणालाच बघायला मिळालेलं नाही. जरा आ करता?"

विणकराने मान हलवली. बाहेर गोदामाच्या आवारात माणसे होती, रेडिओही होता. त्याने ओठ आणखी घट्ट मिटले.

"दुखतोय त्यांचा," सून म्हणाली. "कधीपासून दुखतोय. गार पाणी चालत नाही."

"तुला कुणी सांगितलं?" तो मिटल्या तोंडानेच पुटपुटला.

"उघडा हो. बघू द्या."

तो तसाच उभा राहिला. मग दाराकडे पाठ करून हळूहळू खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि तोंड उघडले. डॉक्टरीण दिवा वळवत होती. पण तिच्याआधी सूनच वाकली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडात तिने कधी पाहिले नव्हते. ओल्या अंधारात पुढच्या दाताची कड एका जागी खरवडली होती. अजून तिला आकार आला नव्हता, काडीने नुसती जागा धरली होती. सुनेने बोट पुढे केले, क्षणभर थांबवले, आणि नखाची कड त्या जागेवर टेकवली.

"इथे?" तिने विचारले.

तोंड उघडेच ठेवून तो "हां" म्हणाला.